सातारा ते बेळगाव, पेटीसकट

सैन्यभरतीचा निकाल लागला की आठवड्याभरात साताऱ्यात ‘सेंटरचा सेट’ विकणारे उभे राहतात. काळी पत्र्याची पेटी, बादली, मग, मच्छरदाणी, चादर, बुटाचे ब्रश, साबणाचा डबा, सगळं एकत्र, भाव साडेतीन हजार. वर ठासून सांगणार, ‘हे नसलं तर गेटवरून परत पाठवतात.’ साफ खोटं. बेळगावच्या मराठा सेंटरला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरला, अग्निवीर पोरांना सोडून परत येताना गाडीतच हे लिहितोय आणि हाताला पेटीच्या कडीचे वळ अजून आहेत, त्यामुळे भाषा जरा तिखट झाली तर चालवून घ्या. पळणं, मेडिकल, लेखी हे सगळं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठीच हे आहे.

यादी एकच खरी, कॉल लेटरसोबत येते ती. तीत जे लिहिलंय ते न्यायचं, बाकी अकॅडमीवाल्यांचं, दुकानदाराचं, गेल्या वर्षी गेलेल्या चुलत भावाचं ऐकायचं नाही. वर्दी, डीएमएस (वर्दीवरचे काळे) बूट, पीटीचे बूट, गादी, ब्लँकेट, मच्छरदाणी, मग-प्लेट सरकार देतं. तेल, साबण, पॉलिश संपलं तर आतल्या कँटीनला मिळतं, बाहेरच्यापेक्षा स्वस्त. म्हणजे सेटमधला निम्मा माल पहिल्याच दिवशी अडगळ. उरलेला निम्मा साताऱ्यातच खण आळीतून आणि मोती चौकातून सुटा घ्या, दीड हजाराच्या आत भागतं.

पेटीचं आधी सांगतो, कारण सगळा त्रास तिचाच. यादीत पेटी नसेल तर नेऊ नका, साधी कापडी बॅग पुरते. असेल तर दुकानात तीन गोष्टी बघा. उंची बारा इंचांच्या वर नको, नाहीतर खाटेखाली जात नाही. बिजागऱ्या रिव्हेटच्या की वेल्डिंगच्या, ते झाकण पूर्ण उघडून हलवून बघा, अॅल्युमिनियमचे रिव्हेट महिनाभरात ढिले होतात. आणि विकत घेतलेलं कुलूप तिथंच कोयंड्यात घालून बघा. हे कुणीच करत नाही. पन्नास मिलिमीटरच्या कुलपाची कडी जाड असते, स्वस्त पेटीच्या कोयंड्याचं भोक बारीक. आमच्या सोबतच्या एका पोराचं नवंकोरं कुलूप बसेचना, शेवटी पेटी सुतळीनं बांधून आत गेली.

कुलूप पितळी, चाळीस मिलिमीटर, किल्ल्या तीन. एक गळ्यातल्या दोऱ्यात, एक बॅगेच्या अस्तरात शिवून, एक घरी. नंबरचं कुलूप नको. पहाटे अंधारात आकडे दिसत नाहीत आणि मागून कुणीतरी ओरडत असतं. पेटीवर रंगवून नाव घालायला पेंटर अक्षरामागे पैसे घेतात आणि ‘आर्मी नंबर पण टाका’ म्हणून जागा सोडायला सांगतात. नंबर तिथं गेल्यावर मिळतो. तेव्हा आत्ता पांढऱ्या ऑइलपेंटनं फक्त नाव आणि गाव, झाकणाच्या आतून. बाहेर जे लिहायचं ते सेंटर सांगेल तसं.

प्रवासाचं थोडक्यात. सातारा स्टेशन माहुलीला, शहराबाहेर. कऱ्हाड, सांगली, मिरज, पुढं कुडची, रायबाग, घटप्रभा, बेळगाव. थेट गाडी मिळाली तर तीच घ्या, जेवण घरचं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सांगलीकरांनी मिरजेहून बसावं, गाड्या जास्त. रस्त्यानं कोल्हापूर, निपाणी करूनही जाता येतं, पण कामं चालू असलेल्या हायवेवर वेळेचा भरवसा धरू नका. रिपोर्टिंगच्या आदल्या दिवशी पोचायचं.

वाईट टप्पा मिरजेचा. गाडी बदलायची असेल तर जिना चढून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जायचं, पेटीसकट. भरलेली पेटी वीस किलोच्या पुढं जाते, बाजूच्या कड्या बोटं कापतात, आणि एकट्यानं उचलली की प्रत्येक पायरीला कोपरा नडगीवर आदळतो. ट्रेनिंगच्या तोंडावर नडगी सुजवून घेणं हा शुद्ध मूर्खपणा. उपाय सोपा आहे: दोन्ही कड्यांना जुन्या धोतराची पट्टी घट्ट गुंडाळा, दोघांनी मिळून एकावेळी एकच पेटी न्या, आणि जड वस्तू पेटीच्या मध्यभागी ठेवा. तळाशी एका टोकाला डबे गेले की पेटी कलते.

दुसरा वाईट टप्पा बेळगाव स्टेशनच्या बाहेर. सेंटर असलेला कॅम्प भाग स्टेशनपासून फार लांब नाही, पण काळी पेटी दिसली की रिक्षावाल्यांचे भाव दुप्पट. तीनशे सांगितले, वर ‘पेटीचे वेगळे’. मराठीतच बोलतात, गोड बोलतात, फसू नका. पेटी रिक्षात चढवायच्या आधी ‘पेटीसकट किती’ हे ठरवा, एकदा चढवली की तुम्ही अडकलात. आवारातून बाहेर मुख्य रस्त्यावर या, तिथं निम्म्यात जातात. दोन पोरं, दोन पेट्या, एक रिक्षा.

आता आतल्या वस्तू. सगळ्यात महत्त्वाचे पाय. ट्रेनिंगमध्ये पोरं दमून कमी, फोडांनी जास्त बसतात. नवा बूट टाचेला घासतो, घामानं कातडी मऊ होते, दोन दिवसांत फोड. मेडिकलमधली चिकटपट्टी फोड आल्यावर नाही, बूट घालायच्या आधी लावायची. दीड इंची रोल दोन न्या. टाच स्वच्छ पुसून, कोरडी करून, सुरकुती न पडू देता पट्टी. सुरकुती पडली तर तीच घासते. मिळालेल्या जाड मोज्याच्या आत पातळ सुती मोजा घाला, म्हणजे घासणी दोन मोज्यांमध्ये होते, कातडीवर नाही. सुती मोजे सहा जोड, नायलॉनचा एकही नको. नेलकटर मोठा घ्या आणि अंगठ्याचं नख सरळ कापा, कोपरे गोल केले की नख मांसात शिरतं आणि मग एमआय रूमच्या, म्हणजे आतल्या दवाखान्याच्या, रांगा. पावडरचा डबा एक. फोड फोडायचा नाही, कुणी सुईदोरा ओवायला सांगितलं तरी नाही.

बनियन पांढरे सहा, अंडरवेअर सहा, इलॅस्टिक मऊ. जाड शिवणीचे जांघेत काचतात आणि पीटीनंतर चालवत नाही. मार्करनं लिहिलेलं नाव चार धुण्यांत जातं, म्हणून रंगीत दोऱ्यानं दोन आद्याक्षरं शिवून घ्या. ते घरी आईकडून, आजीकडून करून घ्या, तिथं वेळ नसतो. सुईदोरा मात्र स्वतःचा हवा: काळा, पांढरा, खाकी, ऑलिव्ह ग्रीन. मोठ्या नाकाच्या सुया तीन, पावडर घातलेल्या छोट्या बाटलीत, म्हणजे गंजत नाहीत. शर्टाची बटणं सहा. बटण लावता येत नसेल तर निघायच्या आधी शिका.

दाढीचं सामान, मिसरूड फुटली नसली तरी. रोज करावीच लागते. साधा रेझर आणि पात्यांची दोन पाकिटं. आरसा काचेचा नको, हूक असलेला अॅक्रिलिकचा. पॉलिश डबीतलं काळं, बाटलीतलं पातळ अजिबात नको, ते वाळून तडकतं. ब्रश दोन, एक लावायचा, एक चमकवायचा, दोन्ही घरूनच खूण करून. पातळ थर, दहा मिनिटं थांबून ब्रश, मग जुन्या बनियनच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब घेऊन गोल गोल. जाड थर लावणारा रात्रभर घासत बसतो.

सोन्याची साखळी, अंगठी, प्रोटीनचे डबे, पेनकिलर, तंबाखूची पुडी, काहीच नको. नेहमीचं औषध असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या आणि गेल्या गेल्या सांगा. लपवलेलं सापडलं की त्याचा त्रास अख्ख्या बराकीला.

छोटी डायरी आणि साधी बॉलपेनं तीन. डायरीत आधीच लिहून ठेवा: घरचे चार फोन नंबर, बँक खातं आणि आयएफएससी, आधार, आई-वडिलांच्या जन्मतारखा, पिनकोडसकट पत्ता. फॉर्म पुन्हा पुन्हा भरावे लागतात आणि मोबाइल हातात नसतो. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते निघायच्या महिनाभर आधी बघा, ‘राव’ एका ठिकाणी आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरून पोरं अडकतात. पासपोर्ट फोटो वीस, दाढी करून, बारीक केसांत काढलेले.

मोबाइल जमा होतो. तेव्हा ज्या नंबरवर बँकेचा आणि आधारचा ओटीपी येतो ते सिमकार्ड घरीच ठेवा, वडिलांच्या साध्या फोनमध्ये, लांब मुदतीचा रिचार्ज मारून. जमा केलेल्या बंद मोबाइलमधलं सिम तीन महिने वापरात नसलं तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि मग पगाराच्या खात्याची भानगड आतून सुटत नाही.