कोकणदिवा: दीडशे रुपयांच्या सुरीवर दोन दिवस

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही चौघे पानशेतमार्गे घोळला पोचलो. तिथून गारजाईवाडी, मुक्काम वाडीतल्याच एका अंगणात, सकाळी कोकणदिवा किल्ला आणि मग कावळ्या घाटाने सांदोशीला उतरायचं, असा बेत. वाडीतून कुणी सोबत आलं तर वाट सोपी आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात: पाणी वाडीतच भरून घ्या. माथ्यावरून समोर रायगड दिसतो, तिथे घाई करू नका.

खरं लिहायचंय ते पात्यांबद्दल. "ट्रेकला चाकू कुठला घेऊ? चार-पाच हजारांचा घेऊ का?" असं मला सारखं विचारतात. माझं उत्तर या खेपेला अजून पक्कं झालं. नका घेऊ.

माझ्याकडे भांड्यांच्या दुकानातली स्टेनलेसची सुरी होती. चार इंचांचं पातं, प्लॅस्टिकची मूठ, दीडशे रुपये. मित्राने घडीचा चाकू आणला होता, त्याला करवत, ओपनर, सगळं काही. संध्याकाळी चुलीसाठी लाकूड फोडायला त्याने तोच ओंडक्यात घातला आणि वरून दगडाने ठोकायला लागला. तिसऱ्या घावाला खटका सुटला, पातं मिटलं आणि तर्जनीच्या पेरावर बसलं. स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं न उघडता दाबून धरलं, तेव्हा रक्त थांबलं. घडीच्या चाकूचा सगळा भार एका बारक्या खिळीवर असतो. तो ठोकाठोकीसाठी नाहीच, मग किंमत काहीही असो.

ज्यांच्या अंगणात उतरलो होतो ते मामा हे बघून उठले. कमरेच्या आकडीतून कोयता काढला आणि म्हणाले, "दादा, सुरीनं लाकूड फोडत्यात व्हय?" ट्रकच्या कमानपाट्यापासून लोहाराने घडवलेला कोयता, टोकाशी चोचीसारखा वळलेला. वजन पुढे असल्याने हाताला जोर लावावा लागत नाही. वाळल्या कारवीची काठी तिरक्या एका घावात तुटली. धार बघायची त्यांची रीत मी शिकून घेतली: पातं अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायचं. घसरलं तर बोथट, अडकलं तर धार आहे. मग ओल्या दगडावर चार हात फिरवून त्यांनी ती पुन्हा जागी केली.

बाकी सगळं काम सुरीने केलं. पिठल्याचा कांदा-लसूण, सुतळी, पट्टीसाठी कापड. पेटवणासाठी वाळल्या काठीची पातळ सालपटं काढली, ती पहिल्याच काडीला धरली. दुसऱ्या दिवशी टोमॅटोची साल दबायला लागली, कापेना. सांदोशीत ज्या घरी जेवलो तिथे चहाचा चिनीमातीचा कप उपडा केला. बुडाची खरखरीत कड असते ना, तिच्यावर पातं जरासं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा ओढलं. टोमॅटो कागदासारखा कापला. घरून निघताना दगडावर नीट धार लावलेली असेल तर वाटेत एवढं पुरतं.

म्यान स्वतः करा, दहा मिनिटांचं काम आहे. पुठ्ठ्याच्या दोन थरांत पातं ठेवून कडेने चिकटपट्टीचे घट्ट वेढे द्या, टोकाकडे जास्त. नुसती कागदात गुंडाळलेली सुरी सॅक फाडते, आणि आत हात घालणाऱ्याचा हातही. कापताना खाली बसा, पातं अंगापासून लांब जाऊ द्या, मांडीवर ठेवून काही कापू नका. साध्या पोलादाची सुरी असेल तर लिंबू-कांद्याने काळी पडते. लगेच पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात स्टेनलेसच बरी.

नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं बाळगायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागू शकतो. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे, पण शहरातून एसटीने कोयता घेऊन कशाला जायचं? तो वाडीत मिळतो. मोळीही तिथेच विकत घ्या, उभ्या झाडाला हात लावू नका. गवत वाळलेलं असतं, तेव्हा चूल अंगणातच पेटवा आणि निघण्याआधी राखेवर पाणी ओता. आम्ही दोन कळश्या ओतल्या, तरी मामांनी काठीने राख उकरून हात लावून बघितला.