एमबीचं पान आणि आरआयसीएसचा इंटरव्ह्यू

आरआयसीएसच्या इंटरव्ह्यूच्या निकालाचा ईमेल आला तेव्हा मी दुबईत साइटवर होते. त्यातला ‘रिफर्ड’ एवढा एकच शब्द डोळ्यांत भरला. आरआयसीएसमध्ये नापास म्हणत नाहीत, रिफर्ड म्हणतात. काय कमी पडलं याचा अहवाल येतो, पुन्हा बसता येतं. पण नऊ वर्षं क्वांटिटी सर्व्हेअर म्हणून, म्हणजे बांधकामाची मापं, बिलं आणि करार सांभाळण्याचं, काम केल्यावर तो शब्द फार लागला.

आरआयसीएस म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स, ही लंडनची संस्था १८६८ ची. आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि परिषद आहे. बांधकामाची बिलं आणि करार सांभाळणाऱ्यांसाठी तसं काही नाही. त्यामुळे आखातात आलेले आमच्यासारखे बरेच जण वरच्या जागेसाठी एमआरआयसीएसच्या, म्हणजे या संस्थेच्या सदस्यत्वाच्या, मागे लागतात. मीही त्यासाठीच लागले होते. नियमन वगैरे तेव्हा माझ्या मनात नव्हतं.

सदस्यत्वासाठीच्या मूल्यमापनाला एपीसी म्हणतात. माझा अनुभव पाच ते दहा वर्षांच्या गटात बसत होता, म्हणून बारा महिन्यांचं नियोजनबद्ध प्रशिक्षण. प्रत्येक कौशल्याचे तीन स्तर: माहीत आहे, केलं आहे, त्यावर सल्ला दिला आहे. तीन हजार शब्दांची केस स्टडी, साठ मिनिटांचा इंटरव्ह्यू. आणि वर्षभरात ४८ तासांचं सीपीडी, म्हणजे काम करता करता चालू ठेवायचं शिक्षण. त्यातलं निम्मं औपचारिक हवं.

पहिल्या इंटरव्ह्यूत कामाच्या प्रश्नांची मला भीती नव्हती. केस स्टडी मुदतवाढीच्या क्लेमवर होती. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या नमुना करारात कंत्राटदाराने घटना कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर हक्कच जातो. त्यावर मी दहा मिनिटं नीट बोलले, उलटसुलट प्रश्नांनाही उत्तरं दिली.

मग एका परीक्षकाने माझी सीपीडीची नोंद काढली. “वाद टाळणे या विषयावर तुम्ही चार तास दाखवले आहेत. त्यानंतर तुमच्या कामात काय बदललं?” मला काहीच आठवेना. कारण ती सगळी नोंद मी शेवटच्या आठवड्यात, जमवलेल्या प्रमाणपत्रांवरून भरली होती. ‘काय शिकलात’ या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ‘विषयाची माहिती मिळाली’ असं लिहिलं होतं.

शेवटची दहा मिनिटं परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांची. त्यांनी विचारलं, “तुम्ही निविदांची छाननी करताय आणि एका बोलीदाराकडे तुमचा भाऊ नोकरीला आहे. काय कराल?” मी ठामपणे सांगितलं, “मी पूर्ण निःपक्ष राहीन.” ते थोडं थांबले. “आणि?” मी तेच पुन्हा सांगितलं. आज कळतं, ते मला दोनदा दार उघडून देत होते.

निकाल कळला त्या रात्री सांगलीला फोन लावला. बाबा आयुष्यभर सार्वजनिक बांधकाम खात्याची छोटी कामं घेणारे कंत्राटदार.

“बाबा, मी खोटं कुठं बोलले? मी खरंच पक्षपात केला नसता.”

“अगं, तू केला नसतास हे मला ठाऊक आहे. त्यांना कसं ठाऊक व्हायचं? आमचे ज्युनिअर इंजिनिअर साहेब देवमाणूस होते. तरी एमबीत, मापाच्या वहीत, खाडाखोड चालायची नाही. आकडा चुकला तर आडवी रेघ मारून शेजारी सही. पानांवर छापील नंबर, एक पान फाडायची सोय नाही. माप जागेवर घेतलं की जागेवरच लिहायचं. साहेबांवर अविश्वास म्हणून नव्हे गं. उद्या साहेब बदलून गेले तरी वही बोलली पाहिजे.”

मापाची वही मी लहानपणापासून बघत आले होते. सुट्टीत बाबांबरोबर साइटवर गेले की टेपचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची (ओपनिंगची) वजावट करायची नाही, हे मी कॉलेजच्या आधी शिकले. ती वही मनात कोणी किती सच्चा आहे ते विचारत नाही. कागदावर काय आहे ते विचारते. अध्यक्षही मला तेवढंच विचारत होते. हितसंबंध आहे हे लेखी सांगा, निर्णय दुसऱ्याला घेऊ द्या, बाजूला व्हा. ‘मी निःपक्ष राहीन’ हे उत्तर चुकीचं, कारण ते तपासायला कोणाकडेच काही उरत नाही.

दुसऱ्या वेळच्या तयारीत सीपीडीची नोंद मी एमबीसारखी ठेवली. त्याच दिवशी, त्याच संध्याकाळी. काय शिकायचं ठरवलं होतं, काय शिकले, सोमवारपासून काय वेगळं करणार. नोटिसांवरचं व्याख्यान ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी प्रकल्पाचं नोटीस रजिस्टर बनवलं, त्यात २८ वा दिवस आधीच मोजून टाकला. पोस्ट टेन्शनिंगच्या, म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या पोलादी केबल ताणतात त्या, स्लॅबची बिलं मी कितीतरी काढली होती, पण केबल ताणताना कधी पाहिलं नव्हतं. एक पूर्ण सकाळ साइट इंजिनिअरबरोबर उभी राहिले. ते अनौपचारिक तास. पण त्या सकाळी जे कळलं ते कुठल्या वेबिनारमध्ये कळलं नसतं.

२ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेले आरआयसीएसच्या आचारसंहितेचे पाच नियम आधी मला पाठ होते. आता प्रत्येक नियमापुढे माझ्या कामातला एक प्रसंग लिहिला. माझे कौन्सेलर, म्हणजे एपीसीच्या तयारीतले मार्गदर्शक, श्रीलंकेचे. दर शनिवारी ते तासभर प्रश्न विचारायचे आणि प्रत्येक उत्तरानंतर म्हणायचे, “मग?” भेट नाकारली, मग? वरिष्ठांना कळवलं, मग? रजिस्टरमध्ये नोंद केली. त्या ‘मग’ने मला घडवलं. एपीसीला बसणाऱ्या प्रत्येकाने असं खोदून विचारणारं कोणीतरी शोधावं. मनातल्या मनात केलेली उजळणी इथे पुरत नाही.

दुसऱ्या इंटरव्ह्यूत अध्यक्षांनी विचारलं, सहकाऱ्याची मोजणीतली चूक अंदाजपत्रक ग्राहकाकडे गेल्यावर सापडली तर? या वेळी ‘मग’ विचारायची वेळ आली नाही. निकाल आला तेव्हा आधी बाबांना फोन केला. ते म्हणाले, “वही नीट ठेव.”

सदस्य झाल्यावर वर्षाला सीपीडीचे वीस तास, त्यातले दहा औपचारिक, आणि नीतिमत्तेचा अभ्यास तीन वर्षांत एकदा तरी. नोंद जानेवारीच्या ३१ तारखेपर्यंत. ती चुकवली तर ताकीद, दंड, आणि वारंवार चुकवली तर सदस्यत्व जातं. माझ्या ओळखीतल्या काहींना हा जाच वाटतो. मला वाटत नाही. ज्याच्या सहीवर लोकांचे पैसे सुटतात, त्याला दरवर्षी कोणीतरी विचारलंच पाहिजे.

गेल्या निविदेत बोलीदारांची यादी उघडली आणि त्यात माझा चुलतभाऊ जिथे काम करतो ती कंपनी दिसली. यादी बंद केली आणि त्याच तासात मॅनेजरना लेखी कळवलं. संध्याकाळी भावाचा फोन आला, “ताई, तू छाननीत असतीस तर आम्हाला निदान धीर असता.” मी त्याला म्हटलं, “म्हणूनच नाही रे.” छाननी तीन आठवडे चालली. त्या फाइलचा एकही कागद माझ्या टेबलावर आला नाही.