यायचे बाकी

"मॅडम, बेरीज राहू द्या ना आज," असं ते म्हणाले होते. मी ऐकलं नाही.

एमआयडीसीत फिटर, वय चाळिशीपुढे, मटक्याचा नाद अकरा वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मेहुण्यांनी माझ्याकडे समुपदेशनाला आणून सोडलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पानापानांवर रकाने आखलेले. ओपन म्हणजे पहिला आकडा, क्लोज म्हणजे दुसरा, दोन्ही मिळून जोडी. आलेले आकडे निळ्या शाईत, लावलेले लाल. शाळेतल्या हुशार मुलीसारखं अक्षर. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, ओपन बरोबर आला, क्लोज एकाने हुकला." त्या दिवशी पैसे गेले होते, पण सांगताना डोळे चमकत होते. थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला जिंकल्यासारखाच चाळवतो, हे मी शिकले होते. त्या बोटाकडे बघताना ते पटलं.

आम्ही सीबीटीने सुरुवात केली, म्हणजे खेळताना मनात येणारे विचार एकेक करून तपासायचे. 'आठवडाभर ७ आला नाही, आज येणारच,' हा त्यांचा ठाम विचार. कालच्या आकड्याचा आजच्याशी संबंध नसतो, हे त्यांनी ऐकून घेतलं. मग हिशेब त्यांनीच मांडला. ०० ते ९९ अशा शंभर जोड्या, लागली तर रुपयाला नव्वद. "म्हणजे शंभरामागे दहा बुकीचेच की!" मला फार आनंद झाला. इतक्या लवकर उमगलं! त्याच उत्साहात दुसऱ्या सेशनला मी आजवर गेलेल्या पैशांची बेरीज करायला घेतली. पतपेढीचं कर्ज, भिशी, गहाण पडलेलं मंगळसूत्र, मित्रांची उसनवारी. ते सांगत गेले, मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत गेले. ६,४०,००० रुपये.

बराच वेळ ते त्या पानाकडे बघत राहिले. मग वही मिटून पिशवीत घातली. पुढच्या आठवड्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

आमच्याकडे अशा वेळी फाइलवर 'प्रेरणा कमी' असं लिहायची पद्धत आहे. लोक अर्ध्यात सोडतात त्याला कारणं बरीच असतात: खाडा पडतो, गावात कुणी बघेल याची लाज वाटते, मधेच आकडा लागतो आणि सगळं सुटल्यासारखं वाटतं. तीन आठवड्यांनी त्यांनी फोन उचलला तेव्हा मागे मशीनचा आवाज होता. मोठ्याने बोलत होते.

"तुमचं सगळं पटतंय मॅडम. पण खेळणं सोडलं म्हणजे ते पैसे गेलेच ना? खेळतोय तोवर ते यायचे बाकी आहेत."

मी गप्प झाले. २०१३ साली डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरण-पुस्तिकेने, जुगाराला दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या पंगतीत बसवलं ते योग्यच आहे. पण दारूपायी झालेलं कर्ज फेडेन म्हणून कुणी आणखी दारू पीत नाही. इथे कर्जातून सुटायची एकच वाट त्यांना दिसत होती, ती खेळाची. हप्त्याचं काही ठरायच्या आधीच मी ती बंद करायला निघाले होते, वर कर्जाचा आकडाही लिहून हातात दिला होता.

मी म्हटलं, "या गुरुवारी नुसतं पतपेढीच्या हप्त्याचं बोलू. मेहुण्यांनाही आणा. मटक्याचं नाव काढणार नाही."

"बघतो," म्हणाले.

गुरुवारी त्यांना सुट्टी असते. अकराची वेळ मी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही.