जुन्या टाटा १६१३ ट्रकने लेह: केबिनमधला गार वारा दारातून येत नाही

मनालीहून लेहला जुना मालट्रक घेऊन जाणाऱ्याला रस्ता, डिझेल आणि विरळ हवा यांविषयी हवी तेवढी माहिती मिळते. केबिनमध्ये शिरणाऱ्या गार वाऱ्याविषयी जे सांगितले जाते ते मात्र बहुतेक चुकीचे असते. जळगाव सोडल्यापासून ज्यांनी ज्यांनी आम्हाला सल्ला दिला, त्या प्रत्येकाने दाराच्या रबराकडे बोट दाखवले. मनालीच्या अलीकडे एका गॅरेजवाल्याने तर दोन्ही दारांचे बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बदलून साडेचार हजार रुपये घेतले आणि लेहपर्यंत केबिन उबदार राहील अशी छातीठोक खात्री दिली. त्यानंतर सरचूच्या उतारावर आमच्या चालकाच्या पायांची बोटे इतकी बधिर झाली की क्लच किती दाबला गेला आहे हेच त्यांना कळेना. बीडिंग वाईट नव्हते, बसवलेही नीट होते. पण वारा मुळात दारातून येतच नव्हता. असे बीडिंग आपल्याकडे मीटरवर विकत मिळते आणि दोन्ही दारांचे मिळून या रकमेच्या चौथाईतही भागते, हे आधी सांगून ठेवतो.

गाडी आमची टाटा १६१३, सहाचाकी, काऊल-चॅसिस घेऊन बॉडीवाल्याकडून केबिन बांधून घेतलेली. अशा गाड्यांमध्ये पुढचे नाक आणि डॅशबोर्डपर्यंतचा भाग कंपनीचा असतो, आणि त्यामागचे छत, दारे, तळ व पाठीमागची भिंत लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून बांधलेली असते. या दोन कामांचा सांधा पायांच्या पुढ्यात केबिनच्या पूर्ण रुंदीभर जातो आणि वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तो उघडतो. इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये आलेला, त्यावर झाकण, झाकणामागून वर येणारा गिअर लिव्हर, आणि तळाच्या पत्र्यातील खाचांमधून वर आलेले क्लच-ब्रेकचे दांडे. हीटर नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. पण आमच्यासारख्या जुन्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे चालणार आहेत आणि त्यांच्या चालकांना थंडीचा बंदोबस्त स्वतःच करावा लागणार आहे.

माल ठिबकच्या नळ्यांचा होता, वजनाला हलका पण आकाराने मोठा. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, चंदीगड, मंडी या भागाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मनालीनंतर ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगचा घाट टळतो, आणि टांडीच्या पंपावर टाकी भरून घ्यावी, कारण पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी तिथेच लावलेली आहे. मुक्काम जिस्पाला करावा. सरचूला करू नये. सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, वाऱ्याच्या तोंडावर, सवय न झालेल्या शरीराने काढलेली रात्र पुढचे दोन दिवस वाया घालवते.

दारचा हे गाव सोडून झिंगझिंगबारवरून बारालाचाला चढताना केबिन चांगली उबदार होती, इतकी की गॅरेजवाल्याचे पैसे वसूल झाले असे आम्हाला वाटू लागले. सुमारे ४,८९० मीटरची खिंड ओलांडून गाडी उताराला लागली, आणि भरतपूरच्या पुढे पोटऱ्यांपासून खाली बर्फाच्या पाण्यात उभे असल्यासारखे वाटू लागले. दार, काच, बीडिंग सारे तेच होते. चालक म्हणाले, “भाऊ, दाराला हात लावून बघा, तिथे काहीच नाही. हे खालून येतंय.” तळहात ओला करून मी दाराच्या कडेने वरपासून खालपर्यंत फिरवला आणि खरोखरच कुठे झुळूक लागली नाही; पण तोच हात क्लचच्या दांड्याशी नेला तेव्हा वाऱ्याची धार बोटांवर स्पष्ट जाणवली.

याचे कारण नीट समजून घेतले तर पुढचा सगळा शोध सोपा होतो. गाडी धावताना वारा नाकावर आणि समोरच्या काचेच्या तळाशी दाबला जातो, तर दारांच्या बाहेरून तो वेगाने घसरत जातो आणि तिथला दाब कमी होतो. त्यामुळे दाराच्या फटीतून शिटीसारखा आवाज येतो तेव्हा बहुतेक वेळा केबिनमधली हवा बाहेर ओढली जात असते, आणि तिची जागा भरायला तळातल्या भोकांतून नवी हवा आत येते. ही हवा इंजिनाच्या खणातून येते. चढावर इंजिनावर ताण असतो, खण तापलेला असतो, म्हणून त्याच भोकातून येणारा वारा ऊबच देतो. उतारावर इंजिन नुसते फिरत असते, खण थंड पडतो आणि वारा बाहेरच्या हवेइतका गार होतो. म्हणूनच जळगावच्या उन्हात किंवा चढावर घेतलेली कोणतीही चाचणी खोटे समाधान देते. चाचणी घ्यायची ती पहाटेच्या गारव्यात, लांब उतारावर, गिअरमध्ये गाडी सोडून.

खिडकीची काच बोटभर खाली ठेवण्याची सवयही याच कारणाने पायांना महागात पडते, कारण त्या फटीतून आतली हवा जोराने ओढली जाते आणि तळातून तितकीच गार हवा वर येते. हवा खेळती ठेवायची असेल तर डॅशबोर्डखालचा पुढचा झरोका थोडा उघडावा, म्हणजे केबिनमध्ये दाब राहतो आणि तळातून येणारा झोत मंदावतो.

सरचू ते पांग हा टप्पा आम्हाला सर्वांत वाईट गेला. गाटा लूप्सची २१ वळणे आणि पुढच्या दोन खिंडी एक वेळ परवडल्या, पण लाचुलुंगनंतर पांगपर्यंतच्या उखडलेल्या रस्त्यावरची पिठासारखी धूळ केबिनमध्ये शिरत राहिली. मात्र या धुळीनेच आमचे काम केले. पांगला गाडी उभी करून बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा प्रत्येक गळतीच्या तोंडाशी, भोकाकडे निमुळता आणि आत पसरत गेलेला धुळीचा पट्टा उमटलेला दिसला. क्लचच्या खाचेजवळ तो वीतभर लांब होता. गिअर लिव्हरच्या बुडाचे रबरी आवरण मागच्या बाजूने चिरले होते. इंजिनावरच्या झाकणाची एक कडी नीट बसत नव्हती आणि तिथला नमदा चपटा होऊन गेला होता. कंपनीच्या आणि बॉडीवाल्याच्या पत्र्याचा सांधा डाव्या कोपऱ्यात बोटाचे पेर जाईल इतका उघडा होता, आणि वायरिंग जिथून आत येते तिथले ग्रोमेट, म्हणजे भोकातले रबरी कडे, जागेवर नव्हतेच. नव्या बीडिंगवर धुळीचा कणही नव्हता.

निघण्यापूर्वीच हे पाहायचे असेल तर केबिन पुसून कोरडी करावी, गावाबाहेरच्या मातीच्या रस्त्यावर दुसऱ्या गाडीमागे काही किलोमीटर चालवावी आणि मग तळ तपासावा. रात्री एकाने गाडीखाली बॅटरी धरून दुसऱ्याने अंधाऱ्या केबिनमधून पाहिले तरी भोके दिसतात. उदबत्तीचा धूर उभ्या गाडीत फारसा उपयोगी नाही. चालत्या गाडीत क्लीनरने ती तळाशी धरली तर धूर कुठे ढळतो ते कळते, पण चालकाने हा उद्योग मुळीच करू नये. दारासाठी कागदाची पट्टी पुरेशी आहे: पट्टी चौकटीत धरून दार लावावे आणि ओढावी, ती सहज निघाली तर तिथे दाब नाही. मात्र त्याचे कारण बहुधा लोंबलेले बिजागर असते, आणि बिजागर न उचलता नवे रबर बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

दुरुस्तीला पांगमध्ये आमच्याकडे टायरची एक फाटकी ट्यूब, पत्र्याचे स्क्रू, पक्कड, कात्री आणि एम-सील एवढेच होते आणि तेवढे पुरले. ट्यूबचे चौकोन कापून दांड्यांभोवती बसवले. चीर दांडा ज्या दिशेने हलतो त्याच दिशेने द्यावी आणि तिच्या दोन्ही टोकांना गोल भोक पाडावे, नाहीतर रबर पहिल्याच दिवशी पुढे फाटत जाते. त्यानंतर इंजिन बंद ठेवून प्रत्येक पेडल पूर्ण दाबून सोडून पाहावे. अ‍ॅक्सिलरेटर आपोआप झटकन वर आलाच पाहिजे. किंचितही अडखळत असेल तर चीर मोठी करावी किंवा ते भोक उघडेच ठेवावे, कारण बधिर पाय परवडतात, अडकलेला अ‍ॅक्सिलरेटर परवडत नाही. स्टेअरिंगच्या दांड्याभोवती काहीही घट्ट गुंडाळू नये.

मोरे मैदान पार करून ५,३२८ मीटरच्या तागलांग लाची खिंड ओलांडली आणि रुमत्सेकडे उतरलो, तेव्हा चालकांनी स्वतःहून मोज्यांचा वरचा जोड काढून ठेवला. बारालाचापेक्षा हा उतार लांब आणि खिंड उंच असूनही पाय गारठले नाहीत. त्या क्षणी झालेला आनंद लेहला पोहोचल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्या भोकांतून गार वारा येतो त्याच भोकांतून इंजिनाच्या खणातला धूरही येतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या जोडाचे) गॅस्केट फुटलेले असेल तर आधी ते बदलावे, मगच भोके बुजवायला घ्यावीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने होणारी डोकेदुखी व मळमळ विरळ हवेच्या त्रासासारखीच वाटते, म्हणून या उंचीवर ती ओळखणे फार अवघड जाते. केबिनबाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर डोके लवकर हलके होत असेल तर धुराचा संशय घ्यावा. इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपू नये, आणि शेगडी किंवा स्टोव्ह आत पेटवू नये, कितीही थंडी असली तरी. केबिन हवाबंद करण्याच्या फंदातही पडू नये. श्वासाची वाफ समोरच्या काचेवर आतून गोठते आणि घाटात काच पुसत गाडी हाकावी लागते.

ट्यूबचे तुकडे परतीच्या प्रवासात झोजिलाच्या खडबडीत रस्त्याने सैल झाले, म्हणून स्क्रूखाली पत्र्याची पट्टी घालून ते दाबून बसवणे बरे. जुनी ट्यूब, स्क्रू आणि बोटभर रुंद पत्र्याच्या पट्ट्या घरूनच न्याव्यात, वाटेत शोधत बसू नये. आणि वाटेतल्या गॅरेजवाल्याने दाराकडे बोट दाखवलेच, तर त्याला आधी आपल्या शेजारी बसवून उतारावर न्यावे, क्लचपाशी हात धरायला लावावे आणि मगच पैशांची बोलणी करावीत.