एका गुडघ्यात ९, दुसऱ्यात १२

उजवा गुडघा २०२२ मधे बदलला, डावा मागच्या दिवाळीनंतर. दोन्ही इथेच इंदूरला आणि एकाच सर्जनकडे. डिस्चार्जच्या फाइलीत इम्प्लांटचे, म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या भागांचे, स्टिकर चिकटवलेले असतात, ते सहसा कोणी बघत नाही, पण मी बत्तीस वर्षं बँकेत काढलीयत, कागद वाचल्याशिवाय कपाटात जात नाही. जुनी फाइल काढून शेजारी ठेवली तर काय, कंपनी तीच, वरच्या-खालच्या धातूचे साइज तेच, पण मधलं प्लास्टिक उजव्यात ९ मिमी आणि डाव्यात १२!

झालं, डोक्यात किडा शिरला. त्यात डावा पाय पूर्ण सरळ होत नव्हता, पलंगावर टेकवला की गुडघ्याखालून हात जायचा. लोकमान्य नगरच्या वहिनी बघायला आल्या त्या म्हणाल्या, जाड बसवलंय गं तुला, म्हणून आखडलंय. मला पटलं पण.

सहा आठवड्यांच्या तपासणीला दोन्ही फाइली घेऊनच गेले. डॉक्टर हसले. म्हणाले हा आकडा आधी ठरतच नाही, हाड कापून झालं की टेबलावरच ट्रायलचे तुकडे एकेक घालून बघतात, पाय सरळ करून, वाकवून, आजूबाजूला ढकलून, ढिलं वाटलं की पुढचा जाड. (कासार बांगडी चढवून बघतो तसंच की.) माझा डावा पाय जास्त कमानी झालेला, तो सरळ करायला आतल्या बाजूचे आखडलेले लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारे पट्टे) सोडवावे लागले, त्यानं हाडांमधली फट वाढली, ती १२ नं भरली. तिथे ९ ठेवलं असतं तर जिना उतरताना गुडघा लटपटला असता आणि १४ कोंबलं असतं तर खरोखरच सरळ झाला नसता. मी विचारलं मग पातळच बरं ना, तर म्हणे तसंही नाही, ८ च्या खाली गेलं की प्लास्टिकवर दाब वाढून ते लवकर झिजतं. हा पाय लांब वाटतोय म्हटलं, तर तेही प्लास्टिकमुळे नाही, कमान गेली म्हणून, जेवढं हाड काढलं साधारण तेवढंच धातू-प्लास्टिक मिळून परत येतं.

मग सरळ का होत नाही? तर त्यांनी विचारलं, "रात को तकिया कहाँ रखती हैं?" म्हटलं गुडघ्याखाली, बरं वाटतं. त्यांनी कपाळाला हात लावला. उशी गुडघ्याखाली ठेवली की तो वाकलेल्याच अवस्थेत आखडत जातो. व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओ मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, मी भुलीच्या गुंगीत असणार, किंवा ऐकून सोडून दिलं असणार, आता काय सांगू.

पुढचा महिना वाईट गेला. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली, गुडघा अधांतरी, दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं, डोळ्यांतून पाणी यायचं. पण हळूहळू गुडघ्याखालची फट कमी झाली, आता हात जात नाही. परवा नातवाबरोबर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन आले, भुट्ट्याचा कीस उभ्यानं खाल्ला.

वहिनींना सांगितलं तर त्यांना अजून पटलेलं नाहीये. दोन्ही स्टिकरांचे फोटो मात्र मुलाच्या मोबाइलमधे टाकून ठेवलेत, पुढे कधी नुसतं प्लास्टिक बदलायची वेळ आली तर कंपनी, मॉडेल आणि साइज लागतोच.