गळती रेडिएटरची नव्हती

गेल्या मे महिन्यात एक पिकअप माझ्या गॅरेजमध्ये आली. दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यांमध्ये शुद्ध केलेल्या पाण्याचे जार पोचवण्याचे काम ती करते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या वर्कशॉपने तिला महिन्याभरापूर्वीच नवा रेडिएटर बसवून दिला होता, आणि तरीही गाडी थांबली की रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी टपकत होते. "भाऊ, नवा रेडिएटर टाकला, तरी पाणी गयूनच रायलं," ड्रायव्हर म्हणाला. मालक सोबत होते आणि त्यांचे मत आधीच ठरलेले होते. पोराने पाणी न पाहता गाडी पळवली म्हणून पहिला रेडिएटर गेला आणि आता दुसराही चालला आहे, असे ते त्याच्यासमोरच सांगत होते. नव्या रेडिएटरच्या खर्चातला काही भाग ते त्याच्या पगारातून कापून घेत होते.

रेडिएटरजवळ काहीही टपकले तरी ते रेडिएटरचेच असते, हा समज आमच्या धंद्यात फार पक्का बसला आहे. प्रत्यक्षात त्या वीतभर जागेत स्टिअरिंगचे ऑइल, इंजिनचे ऑइल, एसीच्या नळीतून पडणारे साधे पाणी आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी, यांपैकी काहीही असू शकते. म्हणून मी इंजिन थंड होऊ दिले, खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवला आणि पडलेला थेंब बोटांत चोळून पाहिला. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात मिसळायचे रसायन, असते तर चिकटपणा लागला असता, गोडसर वास आला असता. तेल असते तर पुठ्ठ्यावर डाग पसरला असता. हे निव्वळ पाणी होते, आणि वाळल्यावर त्याची पांढरी कड उमटली.

त्या कडेवरून पाणी कुठले हे कळले. आम्ही पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांच्या या भागात विहिरीला पाणी असूनही ओलित करता येत नाही, कारण ते खारे पाणी जमीनच बिघडवते. म्हणूनच इथे जारचा धंदा चालतो. ड्रायव्हर रोज गाडीभर गोडे पाणी वाहत होता, पण ते विकायचे असल्यामुळे रेडिएटरमध्ये मात्र बोअरचे पाणी भरत होता. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. कूलंट पाणी गोठू देत नाही हे खरे, परंतु त्यातली रसायने ॲल्युमिनियम आणि लोखंड गंजू देत नाहीत, आणि अर्धे-अर्धे मिसळले तर ते साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आम्हाला त्याची गरज इतर कोणापेक्षाही जास्त आहे.

माझ्याकडे प्रेशर टेस्टर आहे. खेड्यातल्या गॅरेजमध्ये तो सहसा नसतो. मी तो जुना घेतला आणि त्याने आतापर्यंत अनेकांचे अनावश्यक खर्च वाचवले आहेत. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी तो बसवायचा आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब हातपंपाने भरायचा. या गाडीच्या झाकणावर 0.9 होते, म्हणजे 0.9 बार. या दाबामुळेच बंद रेडिएटरमधले साधे पाणी 100 ऐवजी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही, त्यामुळे झाकण सैल पडले तरी गाडी तापते. दाब भरला, काट्यावर नजर ठेवून चहा घेतला, काटा हलला नाही. होज पाइप कोरडे, क्लिपा कोरड्या, रेडिएटरचे दोन्ही कोपरे कोरडे. उभ्या गाडीत गळतीच नव्हती. याचा अर्थ एवढाच की, जे काही गळत होते ते फिरताना गळत होते, आणि त्या भागात पाण्याशी संबंध असलेली फिरणारी वस्तू एकच आहे.

वॉटर पंपाला, म्हणजे आमच्या भाषेत वॉटर बॉडीला, पोटाखाली एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर पडावे, यासाठी ते कारखान्यातच ठेवलेले असते. वरून पाहिले तर ते दिसत नाही. मी पट्ट्याच्या मागून छोटा आरसा आत धरला, बॅटरीचा झोत मारला आणि बराच वेळ तसाच पाहत राहिलो. भोकाच्या तोंडाशी क्षाराचा बोटाच्या पेराएवढा सुळका लोंबत होता, अंघोळीच्या बंबात धरतो तसा टणक. तो हळूच तोडून उजेडात आणला तेव्हा त्याचे तीन थर स्पष्ट दिसले: आत जाड पांढरा, त्यावर पिवळा, आणि सर्वांत बाहेर पुन्हा पातळ पांढरा.

मी ड्रायव्हरला विचारले, "हळद कधी टाकली होती?" तो चपापला. गळती सुरू झाल्यावर कोणीतरी सांगितल्यावरून त्याने रेडिएटरमध्ये हळद टाकली होती. आमच्याकडे हा उपाय सर्रास करतात. तो मला मुळीच पटत नाही, कारण हळद भोक बुजवते तशीच रेडिएटरच्या नळ्याही बुजवते. पण या वेळी तिने तारीख घालून दिली. आतला पांढरा थर हळदीच्या आधीचा होता, पिवळा थर हळदीच्या दिवसांतला, आणि बाहेरचा थर नवा रेडिएटर बसवताना सगळे पाणी बदलले त्यानंतरचा. म्हणजे पंप पहिल्या दिवसापासून गळत होता आणि रेडिएटर बदलला गेला तेव्हाही गळतच होता.

तरी केवळ खुणेवर मी कोणाचे पैसे खर्च करवत नाही. पंपाच्या तोंडावरचा पंखा मी नटबोल्ट काढून वेगळा केला, पुली आणि पट्टा तसाच ठेवला, सगळा भाग हवा मारून कोरडा केला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. इंजिन चालू केल्यावर थोड्याच वेळात पंपाखालच्या पावडरीत ओली रेघ उमटली आणि थेंब सरळ पंपाखाली पडू लागले. रेडिएटरचा कोपरा कोरडाच राहिला. एरवी हेच पाणी फिरत्या पंख्यावर पडत होते, पंखा ते भोवतीच्या प्लॅस्टिकच्या काउलवर उडवत होता, आणि गाडी थांबली की काउलमधून निथळून ते नेमके रेडिएटरच्या कोपऱ्याशी टपकत होते. वर्कशॉपने पंख्याचे चार बोल्ट काढले असते तर त्यांनाही हे दिसले असते. जिथे टपकते तोच भाग बदलायचा, या पद्धतीचा मला मनापासून राग येतो, कारण तिथे यंत्रे आणि माणसे दोन्ही माझ्यापेक्षा जास्त आहेत.

जुना रेडिएटर मालकांच्या घरी पडून होता. मी तो मागवला, तोंडे बंद केली, हौदात बुडवून हवा भरली. एकही बुडबुडा आला नाही. मालकांनी विचारले, "मंग हा खराब नव्हता काय?" मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या: तो गळत नव्हता, परंतु पाणी ओतून पाहिले तेव्हा त्याच्या बऱ्याच नळ्या क्षाराने आणि हळदीने तुंबलेल्या होत्या, त्यामुळे तो साफ तरी करावाच लागला असता. पाणी न पाहता गाडी चालवल्यामुळे यातले काहीही झालेले नव्हते, हेही मी ड्रायव्हरसमोर सांगितले आणि सुळक्याचे थर त्यांच्या हातावर ठेवून दाखवले. पुढच्या महिन्यापासून कपात थांबली, असे पोराने नंतर सांगितले. आधी कापलेले पैसे मात्र त्याला मिळालेले नाहीत, आणि ते मला खटकते.

दुरुस्ती साधी होती. नवी वॉटर बॉडी, नवे गॅसकेट, नवा पट्टा. इंजिनमधले पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन काढले आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धे कूलंट मिसळून भरले. कूलंट विषारी असते आणि गोड असल्यामुळे जनावरे ते चाटतात, म्हणून ते कधीही उघड्यावर सोडू नका, हे दोघांनाही बजावले. गाडी तेव्हापासून कोरडी आहे.

माझे मन अडकले आहे ते जुन्या पंपात. तो मी कापून पाहिला. सीलच्या चकतीवर क्षाराचे ओरखडे होते, पण बेअरिंगही एका बाजूने फार खाल्ले गेले होते आणि शाफ्ट हाताने डुलत होता. जुना पट्टा प्रमाणाबाहेर ताणलेला मला आढळला होता. गाडी तापते म्हणून पंख्याचा पट्टा घसरत असावा, असे समजून कोणीतरी तो ताणला, त्याने बेअरिंग गेले आणि मग सील गेले, असे झाले असेल. किंवा खाऱ्या पाण्याने आधी सील खाल्ले आणि झिरपलेल्या पाण्याने बेअरिंग गेले. पंपावरून दोन्ही शक्य दिसते. त्याच मालकांची तशीच दुसरी पिकअप आहे, तिच्यातही बोअरचेच पाणी आहे आणि तिचा पट्टा कोणी कधी ताणलेला नाही. तिच्या पंपाच्या पोटाखाली आरसा धरायचा आहे, म्हणून पेरणीच्या आधी ती एकदा माझ्याकडे पाठवा, असे मी मालकांना सांगून ठेवले आहे.