मग धरता कशाला?

दर सुट्टीत मालवणला आलो की हा प्रश्न येतोच. लग्नात येतो, सलूनमध्ये येतो, जत्रेत येतो, मागच्या मे महिन्यात तर एका तेराव्याच्या जेवणाला पंगतीत बाजूला बसलेल्या माणसाने विचारला, हातात वडा तसाच धरून. "तू म्हणे दुबईत यॉटवर असतोस, शेटलोकांना मासे धरायला नेतोस?" हो. "आणि धरलेला मासा परत सोडता म्हणे?" हो. "मग धरता कशाला?" की हशा. आणि शेवटी कोणीतरी ते वाक्य टाकतंच, "गाबताचो झील आणि मासो सोडता!" (गाबीत म्हणजे आमची मच्छीमार जमात, झील म्हणजे मुलगा.)

आजवर मी दोन उत्तरं देत आलोय. एक, पगार मिळतो म्हणून. दुसरं, तुम्ही क्रिकेट खेळता, मग काय बॉल खाता? दुसऱ्यावर लोक हसतात आणि विषय संपतो. पण यंदा ऐकून ऐकून डोकं उठलंय, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो, यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवणार.

आधी एक गैरसमज. मी "ऑफशोअरला" आहे म्हटलं की आपल्याकडे लोकांना ओएनजीसी आणि बॉम्बे हायच आठवतं. पहिली तीन वर्षं मी होतोही तसल्याच सप्लाय बोटीवर. आता आहे ती यॉट. पाहुणे चढताना चपला काढून टोपलीत ठेवतात कारण डेकचं सागवान खराब होतं, खाली एसी बेडरूम, आणि एका ट्रिपचं भाडं माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. ही खरं तर मासे धरायची बोटच नाही, पार्टीची बोट आहे, तिला मागे रॉड लावायचे होल्डर बसवलेत एवढंच. आणि समुद्र म्हणाल तर तोही काय अथांग वगैरे नाही, अख्ख्या आखाताची सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास. पण थंडीच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबरपासून, सेलफिश येतो, पाठीवर शिडासारखा पर, पुढे भाल्यासारखी चोच, आणि त्याच्यासाठी लोक विमानाने येतात. तो ताशी ११० किलोमीटर पळतो हे प्रत्येक पाहुणा मला सांगतोच. नवीन मोजमापांत तो आकडा जवळपाससुद्धा येत नाही, पण मी मान डोलावतो, पैसे देऊन आलेल्या माणसाचा मासा कशाला हळू करा.

सेलफिश सोडायचाच, हा आमच्या बोटीचा नियम. मालकाने चढायच्या जागेवरच पाटी लावलीय. बाकी मासे ठेवतो आम्ही, कनाद म्हणजे आपली सुरमई मिळाली तर ती कापून पाहुण्यांच्या डब्यात जाते (१५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ती धरायलाच बंदी असते तिकडे, आणि ती बंदी पाळली जाते, हे आपल्याकडच्या लोकांनी जरा लक्षात घ्यावं). म्हणजे "सगळं धरून सोडतात" हे पण खरं नाही. पण विचारणाऱ्याला एवढं ऐकायचं नसतं.

अजून एक कबूल करतो. बऱ्याचदा मासा पाहुणा धरतच नाही. पहाटे सबिकी, म्हणजे बारीक हुकांची माळ, टाकून छोटे मासे आम्ही उचलतो, जिवंत आमिष आम्ही लावतो, हूक बसला हे आम्हाला कळतं, तोवर पाहुणा खाली उलट्या करून झोपलेला असतो. रॉड वाकला की त्याला उठवून हातात द्यायचा. मग व्हिडिओ. पण खरं सांगू का, रीलमधून दोरी सुटल्याचा तो आवाज झाला की अजून माझ्या पोटात गोळा येतो, आनंदाचा. सेलफिश पाण्याबाहेर उसळतो तेव्हा अंगावर निळे पट्टे पेटतात, पेटतातच, दुसरा शब्द नाही, आणि सात वर्षं झाली तरी मी हातातलं काम टाकून बघतो. बाबांच्या होडीवर मासा मी कधी असा बघितलाच नव्हता. जाळ्यातून येतो तो मासा म्हणजे आकडा असतो, आज किती टोपल्या. मला हे काम आवडतं. हे मी गावात कधीच बोललो नाही, पगाराचं कारण पुढे करत आलो.

यॉटवरच्या पहिल्या वर्षी मी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला होता, चुलत्याने अजून जपून ठेवलाय, चिडवायला काढतो. त्यात मी लिहिलं होतं की मासा सोडणं म्हणजेच समुद्र वाचवणं, गोल वळणाचा सर्कल हूक लावला की तो पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, टॅग लावून केलेल्या अभ्यासांत सुटलेले बहुतेक सेलफिश जगतात, आणि आपण गाबीत लोकांनी पण यातून शिकायला हवं. शिकायला हवं! चोवीस वर्षांचा पोरगा, बापाने इंजिनासाठी काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही, आणि हा समुद्र वाचवायला शिकवतोय. तरी त्या मेसेजमधलं काही खोटं नाही हो. सर्कल हूकचं खरं आहे. बहुतेक जगतात हे पण खरं आहे. फक्त तेव्हा "बहुतेक" हा शब्द मी असाच पटकन टाईप केला होता.

आता जे सांगायचंय ते.

गेल्या वर्षी एप्रिलचा शेवट. सीझन संपत आलेला, पाणी तापायला लागलेलं, गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी, मासा लवकर दमतो. पुण्याची फॅमिली होती, सात माणसं, मी मराठी कळल्यावर एकदम खूश, "अरे वा, मालवण का, मग काय तुझ्या रक्तातच आहे!" साहेब पन्नाशीचे, व्हिडिओ बघून पूर्ण तयारी करून आलेले. हलकी दोरी पाहिजे म्हणाले, २० पौंडांचा ताण सोसेल एवढीच, त्यात खरी मजा. दहाच्या सुमारास सेलफिश लागला, चांगला मोठा, तीसेक किलोचा असेल. अशा वेळी कॅप्टन बोट हळूहळू मागे घेतो, दोरी गोळा होते, पंधरा-वीस मिनिटांत मासा बाजूला येतो. साहेब म्हणाले बोट मागे घ्यायची नाही, मला फेअर पाहिजे. कॅप्टनने वरून माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले, पाहुणा म्हणेल ते.

अर्धा तास झाला. साहेबांचे हात थरथरायला लागले. मी म्हटलं साहेब, द्या दोन मिनिटं, मी धरतो. "हात लावू नकोस, मग तो माझा राहणार नाही." नियम आहे तसा, १९३९ साली आयजीएफए नावाची जागतिक संस्था निघाली तिचा, की दुसऱ्याने रॉडला हात लावला तर रेकॉर्ड बाद. इथे कसलं रेकॉर्ड? १९५३ मध्ये पेरूला ग्लासेल नावाच्या माणसाने १५६० पौंडांचा काळा मार्लिन धरला, ते रेकॉर्ड आजपर्यंत कोणी मोडलेलं नाही, त्यापुढे आमचा तीस किलोचा. पण मी गप्प बसलो. पंचावन्न मिनिटं. मी घड्याळ बघत होतो म्हणून माहितीय.

मासा बाजूला आला तेव्हा निळं काही उरलं नव्हतं. तपकिरी, ओल्या पुठ्ठ्यासारखा. मी मागच्या खालच्या फळीवर पालथा पडून ग्लोव्ह घालून चोच धरली, सॅंडपेपरसारखी असते ती. आता करायचं एवढंच की बोट सावकाश पुढे घ्यायची आणि मासा पाण्यातच धरून ठेवायचा, तोंडातून पाणी कल्ल्यांवरून गेलं की तो सावरतो. तेवढ्यात वरून, "एक फोटो! वर घे ना जरा!"

पाण्याबाहेर काढायचा नाही, हे पण त्या पाटीवर लिहिलंय. मी उचलला. लोकांना हे सांगताना मी नेहमी "त्यांनी उचलायला लावला" असं सांगतो, तर तसं नाही, मी उचलला. साहेबांबरोबर एक, बाईंबरोबर एक, मग सगळ्यांचा एक, मग कोणाचे तरी डोळे मिटले म्हणून परत एक. दोन मिनिटं असतील. माणूस तासभर पळाल्यावर त्याचं तोंड दाबून फोटो काढण्यासारखं आहे ते, हे मला माहीत होतं.

मग वीस मिनिटं मी त्याला पाण्यात धरून पडलो होतो. कल्ले एकदा उघडले. मग परत एकदा. वर बिर्याणीचा वास यायला लागला, कोणीतरी गाणी लावली. कॅप्टनने मनगटावर बोट आपटून दाखवलं, एक वाजता पुढचं बुकिंग. माझ्या बाजूला त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा येऊन तसाच पालथा पडला होता, लाईफ जॅकेट घालून, काही न बोलता बघत होता. मी हात सोडला. मासा कलला, पोट वर झालं, आणि चोच खाली करून गोल गोल फिरत गेला, पाणी स्वच्छ होतं त्यामुळे बराच वेळ पांढरं दिसत राहिलं.

"गेला! मस्त गेला!" हे मीच ओरडलो. वर टाळ्या.

"काका, तो उलटा का गेला?"

मी म्हटलं, अरे खोल बुडी मारतात ना, ते अशीच मारतात.

त्याने माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. परत विचारलं नाही. बंदरात शिरताना मी सेलफिशचा झेंडा चढवला, आणि मासा सोडला असेल तर तो झेंडा उलटा लावायची रीत आहे बऱ्याच ठिकाणी. तो पोरगा मान वर करून झेंडा बघत होता. साहेबांनी जाताना ५०० दिरहम टिप दिली, मिठी मारली. मी घेतले पैसे.

रात्री बाबांना फोन केला. फोटोच्या भानगडीसकट सगळं सांगितलं, मुलाचं तेवढं सोडून. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, "मगे कोणी खाल्ल्यान?" मी म्हटलं कोणी नाही, सोडला ना. फोनवर गप्प. मग म्हणाले, "जेवलंस?"

तेवढंच. पण ते "कोणी खाल्ल्यान" माझ्यात रुतलंय. मासा मेला याचं मला दुःख झालं असं म्हटलं तर गावात मला वेड्यात काढतील, आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मासे मरतायत, त्यावरच आम्ही शिकलो. मारून न खाणं, आणि वर सोडला म्हणून टाळ्या घेणं, हे आमच्यात नव्हतं. पण मग लगेच मी बाबांशी मनातल्या मनात भांडायला लागतो. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, येणारी बोटाएवढी पिल्लं कोण खातं? खताला जातात ना? अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ च्या फेब्रुवारीत निर्बंध आले, एलईडी दिवे लावून मासे धरण्यावर केंद्राने २०१७ ला बंदी घातली, बाबा स्वतः मोर्चाला होते, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की लांबवर उजेड दिसतोच. त्या उजेडात एका रात्रीत जे उपसलं जातं तेवढं मी सात वर्षांत सोडलंही नसेल. त्यांना विचारा की, धरता कशाला. मला का?

हे लिहिताना बरं वाटतं, पण हे उत्तर नाही हे मलाही कळतंय. दुसरा चोर दाखवून आपला हिशेब होत नाही. शिवाय मी भूक म्हणून धरत नाही, मी मजा म्हणून धरतो, तीसुद्धा दुसऱ्याची. आणि थोडी माझी.

आता मी बाहेर काढू देत नाही. फोटो पाण्यातच, पाहिजे तर तुम्ही खाली या. वीस मिनिटांवर गेलं की कॅप्टनला सांगून बोट मागे घेतो, पाहुणा रागावला तर रागावला, टिप दोनदा बुडालीय. सुटणारे जास्त जोमात जातात असं मला वाटतं. मला वाटतं. खाली गेल्यावर पुढे काय होतं ते मी बघत नाही.

यंदा मे महिन्यात, १ जूनची बंदी लागायच्या आधी, बाबांबरोबर होडीवर गेलो होतो. जाळ्यात एक सुरमई आली, जेमतेम वीतभर. मी नकळत तिला हातात घेऊन बाजूला वाकलो, पाण्यात पुढे-मागे करायला लागलो. सरकारने २०२३ ला ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिलीय ते पण बाबांना सांगायला लागलो. बाबांनी जाळं ओढता ओढता बघितलं. "मेलो तो. आता काय तेका शाळेत घालतलंस?"

मी टोपलीत टाकला. रात्री आईने कढी केली, डोक्याकडचा तुकडा बाबांनी माझ्या ताटात टाकला, आणि का कोण जाणे तेव्हा मी त्यांना त्या पुण्याच्या मुलाचं सांगितलं. झेंड्याचं पण.

"मगे, तेका काय सांगलंस?"

"सांगलंय, बुडी मारल्यान."

"हं," म्हणाले, आणि आईकडे भात मागितला.